घरचा खाऊ आणि ताटातलं उरलेलं

कुत्र्याच्या बिस्किटांचा पुडा हातात घ्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक पुड्यांवर गव्हाचं पीठ अगदी वरच्या नावांत असतं. त्यानंतर तेल किंवा चरबी, मीठ, रंग, वास, आणि शेवटाकडे कुठेतरी चिकन किंवा दुधाची पावडर. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे पुढच्या बाजूला कोंबडीची तंगडी छापलेली असली तरी आत मुख्यतः पीठ आहे हे मागची बाजू सांगते. बिस्किट म्हटलं की पीठ आलंच. लंडनमध्ये १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने कुत्र्यांसाठी पहिली बाजारी बिस्किटं विकायला काढली, तीही गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि थोडं मांस यांचीच होती. जहाजावरच्या खलाशांची कडक बिस्किटं बंदरातली कुत्री आवडीने खाताना बघून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात.

म्हणजे आपण जे विकत घेतो ते थोडी कणीक, थोडं मांस, एक चकचकीत पाकीट आणि कर. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कुत्र्या-मांजरांचं पाकीटबंद खाद्य १८ टक्क्यांच्या टप्प्यात गेलं. अंडी, ताजी भाजी, दुकानात कापून मिळणारं ताजं चिकन यांवर कर नव्हता. घरी खाऊ करण्यातली बचत इथूनच सुरू होते.

मुळशी तालुक्यातल्या आमच्या घोटावड्यात आणि आसपास कुत्री दोन तऱ्हांनी पाळली जातात. एक वस्तीवरचं, गोठ्याशी किंवा खाचराच्या बांधावर बसणारं. त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर-ताक आणि रविवारी हाडकं. दुसरं हिंजवडीच्या नोकरीमुळे इकडे राहायला आलेल्यांच्या बंगल्यातलं किंवा सोसायटीतलं. त्याला ऑनलाइन मागवलेलं खाद्य, रबरी खेळणी, फोमची गादी. पहिल्यावर खर्च जवळजवळ होतच नाही, लससुद्धा टोचली जात नाही. दुसऱ्यावर भरपूर होतो, पण त्यातला बराचसा पाकिटांवर. माझं म्हणणं असं की दोन्ही घरांनी खर्चाची जागा बदलावी. खाऊ, अंथरूण, खेळणी घरी करावीत आणि त्यातून वाचलेले पैसे लस, जंताचं औषध आणि गोचिडांवर खर्च करावेत. आणि घरचा खाऊ म्हणजे ताटातलं उरलेलं नव्हे, हे स्वयंपाकघरातल्या सगळ्यांनी आधी ठरवून घ्यावं.

खाऊ किती

पशुवैद्य एक साधा नियम सांगतात: दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवायचा. आपल्याकडचं मध्यम गावठी कुत्रं १५ किलोचं धरलं, तर त्याला दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी लागतात. खाऊला त्यातल्या ८५ उरतात. एक उकडलेलं अंडं ७०चं. एक मध्यम भाकरी दीडशेच्या पुढे जाते. चहाबरोबरचं ग्लुकोज बिस्किट साधारण २० कॅलरींचं असतं. चार दिली की दिवसाचा खाऊ संपला, आणि पोटात गेली ती साखर. टपरीवर उभं राहून अख्खा पुडा कुत्र्यांपुढे रिकामा करणारे भले लोक घोटावडे फाट्यावर रोज दिसतात. त्यांच्या भलेपणाबद्दल शंका नाही, पण त्याच पैशांत आलेलं एक अंडं त्या कुत्र्याच्या जास्त उपयोगी पडेल.

बचतीची सगळ्यात सोपी युक्ती फुकटची आहे: तुकडा लहान करा. ‘बस’ म्हटल्यावर बसलं म्हणून दिलेला खाऊ करंगळीच्या नखाएवढा पुरतो. कुत्र्याला मिळाल्याचा आनंद असतो, तुकड्याच्या आकाराचा हिशेब ते करत नाही. बाजारातल्या एका बिस्किटाचे सहा तुकडे केलेत तरी महिन्याचा पुडा दोन-तीन महिने सहज चालेल.

कलेजीच्या शंकरपाळ्या

आता प्रत्यक्ष कृती. आपल्याकडे बहुतेक घरांत ओव्हन नसतो आणि त्याची गरजही नाही.

पाव किलो चिकनची कलेजी आणा. धुऊन, बुडेल एवढ्याच पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळा. आतून गुलाबी राहता कामा नये. पाणी फेकू नका. कलेजी गार झाली की मिक्सरमधून काढा. तिच्यात दोन वाट्या कणीक, एक वाटी नाचणीचं पीठ आणि एक अंडं घाला आणि बाजूला ठेवलेल्या पाण्याने पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळा. मीठ नाही, तेल नाही, हळद-तिखट काही नाही. पोळपाटावर जाडसर लाटून कातण्याने शंकरपाळ्या पाडा. कातणं बारीक फिरवायचं, कारण तुकडा लहान हवा हे वर आलंच आहे.

या तळायच्या मात्र नाहीत. जाड तव्यावर पसरा, झाकण ठेवा आणि अगदी मंद आचेवर एक बाजू दहा-बारा मिनिटं, मग उलटून तेवढाच वेळ भाजा. गॅस मोठा केला की बाहेरून करपतात आणि आत ओल्या राहतात. ज्यांना कुकरमध्ये केक करायची सवय आहे त्यांनी शिट्टी आणि रिंग काढून कुकर दहा मिनिटं तापवावा आणि ताटली आत ठेवून अर्धा तास भाजावं. तशा जास्त खुसखुशीत होतात. वास घरभर सुटतो. कुत्रं ओट्याशी येऊन बसतं आणि हलत नाही, हे गृहीत धरा.

गार झाल्या की एक शंकरपाळी मोडून बघा. आत ओलसर लागली तर परत तव्यावर टाका, कारण ओल राहिली की बुरशी आली. हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवल्या तर आठवडाभर चांगल्या राहतात. जास्तीच्या फ्रीजरमध्ये टाका. पावसाळ्यात मुळशीत कपाटातली चामड्याची चप्पलही हिरवी होते, तेव्हा हा डबा बाहेर ठेवायचा विचारच नको.

कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते शरीरात साठतं, म्हणून ही शंकरपाळी खाऊ म्हणूनच द्यायची, जेवण म्हणून नाही. आणि बचतीचा हिशेब करताना पुड्याच्या भावाशी तुलना करू नका. तयार झालेल्या शंकरपाळ्या तराजूवर घाला, लागलेला खर्च लिहा आणि बाजारातल्या खाऊचा किलोचा भाव काढा. पन्नास-सत्तर ग्रॅमच्या पाकिटाचा किलोचा भाव काढल्यावर माणूस थोडा वेळ गप्प बसतो.

चिकनच्या दुकानातून आणखी काय

रविवारी सकाळी दुकानासमोर रांग असते आणि गिऱ्हाईक मांडी-छाती घेऊन जातं. पाय, माना, पेटा मागे राहतात आणि स्वस्तात मिळतात. अर्धा किलो पाय आणा, नखं छाटून स्वच्छ धुवा, भरपूर पाणी घालून कुकरला सहा-सात शिट्ट्या करा. पाणी गाळून फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी त्याची वडीसारखी थरथरती जेली होते. वर आलेला चरबीचा थर चमच्याने काढून टाका. हे सूप बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवलंत तर रोज एक ठोकळा भातावर किंवा कोरड्या खाद्यावर टाकता येतो. न जेवणारं, म्हातारं किंवा आजारातून उठलेलं कुत्रं त्या वासाने जेवायला लागतं. बाजारात याच सूपाचं छोटं पाऊच मिळतं आणि त्याची किंमत वाचून हसू येतं.

गाळून उरलेली हाडं मात्र कुत्र्याच्या वाट्याला जाऊ देऊ नका. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, चावलं की त्याच्या धारदार चिपा होतात, आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. हाडं उकिरड्यावर फेकलीत तर तुमचं नाही तर गल्लीतलं दुसरं कुत्रं खाईल, खोल पुरा. कच्चं मांस द्यावं की नाही यावर हौशी लोकांत मोठे वाद चालतात. माझा कौल शिजवण्याच्या बाजूने आहे, कारण साल्मोनेलासारखे जंतू फ्रीजरमध्ये मरत नाहीत आणि कच्चं खाल्लेल्या कुत्र्याकडून तोंड चाटून घ्यायला घरातलं लहान मूल पुढे असतंच.

चिकनच्या वाळवलेल्या पट्ट्या घरी कराव्यात का, असंही लोक विचारतात. विकतच्या अशा पट्ट्यांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००७ पासून हजारो तक्रारी आल्या, कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडली, आणि वर्षानुवर्षं तपास करूनही नेमकं कारण सापडलं नाही. तेव्हा घरी करणं शहाणपणाचं, पण उन्हात मांस वाळवू नका. आधी चिकन पूर्ण शिजवा, मग बारीक पट्ट्या करून तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कोरड्या करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

उन्हात वाळवायचंच असेल तर रताळं. एप्रिल-मे महिन्यात कुरडया-पापडांची वाळवणं गच्चीवर पडतात, त्यांच्याच शेजारी. रताळ्याच्या अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा, पाच-सात मिनिटं वाफवा, पातळ सुती कापडाखाली दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. चामड्यासारख्या लवचिक झाल्या की झालं. चघळायला हे उत्तम, आणि पोटात गेलं तरी अन्नच. लाल भोपळ्याच्या उकडलेल्या फोडी पोट बिघडल्यावर किंवा खडा झाल्यावर उपयोगी पडतात. उन्हाळ्यात बिनमिठाच्या ताकात केळं कुस्करून वाटीत गोठवून द्या, दुपार निघते.

मुळशीच्या भाताचा फायदाही घ्या. गिरणीत आंबेमोहोर, इंद्रायणी सडल्यावर जी कणी निघते, ती गावात ओळखीवर स्वस्तात मिळते. कुत्र्याला अख्ख्या दाण्याचं कौतुक नसतं. कुत्रा मांसाहारी, त्याला भात-भाकरी कशाला, असं इंटरनेटवर वाचून काहींना अपराधी वाटतं. २०१३ साली ‘नेचर’मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उकिरड्याशी राहून कुत्रा धान्य पचवायला शिकला. भाकर-ताकावर पिढ्या निघाल्या त्या काही चमत्काराने नाही.

पण भात-चिकन म्हणजे पूर्ण जेवण नव्हे

इथे बचतीचा उत्साह थोडा आवरा. रोजचं पूर्ण जेवण घरी करणं हे खाऊ करण्यापेक्षा फार वेगळं काम आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या दोनशे घरगुती पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत कुठला ना कुठला आवश्यक घटक कमी पडत होता. भात आणि हाडाशिवायचं चिकन यात सगळ्यात मोठी उणीव कॅल्शियमची. वर्षभर असं जेवण दिलं तर कुत्र्याचं शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घ्यायला लागतं, आणि आपल्याला दिसतं तेव्हा लंगडणं सुरू झालेलं असतं.

अंड्याचं टरफल हा यावरचा घरगुती उपाय आहे. टरफलं धुऊन, पाच मिनिटं उकळून, तव्यावर कोरडी करून मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखी दळा. १५ किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण अर्धा चहाचा चमचा पूड, तीही फक्त पूर्ण जेवण घरचं असेल तरच. पाकिटातल्या खाद्यात कॅल्शियम आधीच असतं. त्यावर ही पूड घालू नका. पिल्लांना, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लांना, जास्तीचं कॅल्शियमही हाडं वाकडी करतं. जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व यांचा हिशेब टरफलाने सुटत नाही. म्हणून पूर्ण घरच्या जेवणावर जायचं असेल तर एकदा पशुवैद्याकडून तक्ता लिहून घ्या. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या रुग्णालयातही विचारता येतं. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी अर्धं-अर्धं न करता साधं, ओळखीच्या कंपनीचं कोरडं खाद्य द्यावं आणि बचत खाऊवर करावी.

ताटातून पातेल्यात जाणारे धोके

‘आपण खातो तेच त्याला’ हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. आपल्या रश्शात कांदा-लसूण नाही असा दिवस नाही. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात बिघाड दिसतो, आणि रोज थोडा थोडा गेला तरी परिणाम साठत जातो. शिजवल्याने विष जात नाही. वाळवल्याने तर ते कमी जागेत जास्त मावतं, म्हणून कांदा-लसूण मसाल्याचा तवंग आलेला मटणाचा रस्सा भाकरीवर ओतणं हे लाड नव्हेत. मटण कुत्र्यालाही द्यायचं असेल तर मसाला पडायच्या आधी चार फोडी बाजूला काढा. खर्च शून्य, फक्त स्वयंपाक करणाऱ्याच्या लक्षात राहायला हवं.

द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. कुणाला किती लागतं हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही द्यायची नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावं असं आता मानलं जातं, आणि २०२२ मध्ये चिंच खाऊन मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्यांच्या नोंदीही प्रसिद्ध झाल्या. आपल्या आमटीत, पाणीपुरीत, भेळीत चिंच असते हे त्या दृष्टीने पाहा. चॉकलेट विषारी असतं हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. झायलिटॉल माहीत नसतं. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि काही विकतच्या पीनट बटरमध्ये हा गोड पदार्थ असतो आणि कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात खाली आणतो. दिवाळीच्या फराळातली चकली-शेव तिच्या तेलामुळे स्वादुपिंडाला सूज आणू शकते. उलट्या सुरू झाल्यावर सलाईनचा खर्च येतो तो फराळाच्या डब्याहून मोठा.

शेंगदाण्याचं कूट हा विकतच्या पीनट बटरचा स्वस्त पर्याय आहे, पण दाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, खवट दाणे आणि ओल लागलेला मका यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार लवकर बळी पडतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एका कंपनीचं खाद्य याच कारणाने परत मागवलं गेलं आणि शंभरहून अधिक कुत्री दगावल्याच्या नोंदी झाल्या. हे विष भाजून जात नाही. आपल्याकडे शिळ्या भाकरीवर हिरवा ठिपका आला की ‘कुत्र्याला टाक’ म्हणतात. मुळशीच्या पावसाळ्यात हा प्रसंग आठवड्यातून दोनदा येतो. ती भाकरी कचऱ्यात टाका.

अंथरूण, पाऊस आणि रात्रीचा रस्ता

फोमची गादी कुत्रं दोन महिन्यांत फाडतं, आणि ती धुता येत नाही हा तिचा खरा दोष. जुन्या सुती साड्यांची जाड गोधडी शिवून घेतली तर ती टोचत नाही, गरम पाण्यात धुता येते आणि उन्हात पसरता येते. माप घेताना कुत्रं आडवं झालेलं असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि वर एक वीत वाढवा. पावसाळ्यात नुसती गोधडी फरशीवर टाकली तर खालून ओल धरते. कळकाच्या चार कांड्यांची चौकट करा, वीतभर उंचीचे पाय लावा आणि पेंडीच्या गोणीचा पट ताणून बसवा. हवा खालून खेळते आणि अंग कोरडं राहतं. गोणी पेंडीची किंवा धान्याचीच हवी. खताची नको, औषधाची तर कधीच नको, कितीही धुतली तरी.

गोठ्यात भाताचा पेंढा अंथरायची पद्धत चांगली आहे, ऊब धरते. फक्त आठवड्याला पेंढा बदला, कारण ओल्या पेंढ्यात बुरशी येते आणि कोरड्यात गोचीड लपते.

लावणीच्या दिवसांत इरलं पांघरून वाकणाऱ्या बायका आता कमी झाल्या, पण मोडक्या छत्र्या प्रत्येक घरात आहेत. काड्या मोडलेल्या छत्रीचं कापड उतरवा, मानेच्या मापाचं भोक ठेवा, पोटाखालून जाणारे दोन पट्टे आणि वेल्क्रो लावा. घोटावड्यातल्या शिंप्याकडे हे अर्ध्या तासाचं काम आहे. पोट कोरडं राहिलं तर पावसाळ्यातले त्वचेचे निम्मे त्रास टळतात. फिरून आल्यावर पंचाने पंजे, विशेषतः बोटांमधल्या बेचक्या, पुसायला विसरू नका.

या भागात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. फाट्यापासून माण-हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री गाड्या भरधाव असतात आणि काळं किंवा तपकिरी कुत्रं हेडलाइटमध्ये शेवटच्या क्षणी दिसतं. गाड्यांना रेडियम लावणाऱ्याकडून वीतभर पट्टी घ्या आणि कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर पक्की शिवा. नुसती चिकटवली तर पहिल्या पावसात निघते. घरच्या कुत्र्याला लावाच, गल्लीतल्या ज्या कुत्र्यांना तुम्ही रोज खायला घालता त्यांनाही लावा.

खेळण्यांवर फार लिहिण्यासारखं नाही. जुन्या टी-शर्टच्या तीन पट्ट्यांची घट्ट वेणी ओढाओढीला पुरते. अंड्यांच्या ट्रेमध्ये खाऊचे तुकडे टाकून तो चादरीत गुंडाळून दिला की कुत्र्याचा अर्धा तास आणि आपली एक फोन मीटिंग निभावते. प्लास्टिकची बाटली देताना झाकण आणि त्याखालची कडी काढा. सुतळी, काथ्या, नारळाची शेंडी देऊ नका. धागा गिळला की आतडं गोळा होतं आणि मग शस्त्रक्रियाच. चघळायची वस्तू किती कठीण असावी याला एक कसोटी आहे: नख दाबल्यावर खूण उमटली पाहिजे. शिंग आणि खुराने दात तुटतात.

गोचिडांवर घरगुती उपाय करू नका

पैसे वाचवायच्या नादात सर्वांत वाईट प्रयोग इथे होतात. गोठ्यात गायी-म्हशींवर फवारायचं औषध तेच पाणी घालून कुत्र्यावर ओतलं जातं. कुत्रं अंग चाटतं, आणि जनावरांसाठीचं प्रमाण त्याच्या वजनाला झेपत नाही. पिकांवरची कीटकनाशकं वापरणारेही आहेत. थरथर, तोंडातून लाळ, फिट, आणि कधीकधी शेवट. जनावरांच्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचाही हाच प्रकार. काही जातींच्या कुत्र्यांना, विशेषतः कोलीच्या वंशातल्या, ते जास्त मात्रेत सरळ मेंदूवर बाधतं. रॉकेल ओतणं किंवा चिकटलेल्या गोचिडीला काडीने चटका देणं यानेही काही साधत नाही.

घरी करण्यासारखं एवढंच आहे: रोज संध्याकाळी कान, मानेची वळी, बगल, बोटांच्या बेचक्या बोटांनी चाचपा. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा, पिळू नका. साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका. गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, भिंतीच्या फटी बुजवा, कारण मादी अंडी कुत्र्यावर घालत नाही, खाली फटीत घालते. यापलीकडचं औषध पशुवैद्याने कुत्र्याच्या वजनावर ठरवायचं. टिक फिव्हर झाल्यावर रक्ततपासण्या, आठवडेच्या आठवडे गोळ्या आणि क्वचित रक्त चढवणं, यापुढे वेळेवर दिलेली गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध स्वस्त.

अंघोळीतही हात आखडता घ्या. कुत्र्याला दर रविवारी अंघोळ लागत नाही. माणसाचा साबण आणि रिठ्याचं पाणी त्याची कातडी कोरडी करतात. टी ट्री तेल तर लावूच नका. ब्रश आणि ओला पंचा यांवर महिना निघतो.

लस

शंकरपाळ्यांनी वाचलेले पैसे जायची जागा ही. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दरवर्षी. वस्तीवरच्या राखणीच्या कुत्र्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे, कारण कोल्ह्याशी, भटक्या कुत्र्यांशी त्याचीच गाठ पडते, आणि लहान मुलं त्याच्याच अंगाखांद्यावर खेळतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही, कुत्र्यालाही नाही आणि माणसालाही नाही. कुणाला चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं; हळद-चुना-मिरची लावत बसायचं नाही.

खर्चाची अडचण असेल तर आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथलं शुल्क खासगी दवाखान्याच्या मानाने नाममात्र असतं. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिवस. त्याच्या आसपास ठिकठिकाणी मोफत लसीकरण शिबिरं लागतात. तारीख ग्रामपंचायतीत आधी विचारून ठेवा, आणि जाताना शेजारच्या वस्तीवरचं कुत्रंही गाडीत घाला.